रॉस बेटावरचे पडके अवशेष: कधी जायचं, कोणत्या क्रमाने पाहायचं आणि कुठे थांबायचं

अंदमानहून परतलेल्या ओळखीच्या लोकांना रॉस बेट (पोर्ट ब्लेअरसमोरचं, जिथून इंग्रज कैदी वसाहतीचा कारभार चालवत) कसं वाटलं असं विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं. "हरणं छान होती, बाकी पडक्या भिंती." हे ऐकून मला दर वेळी वाईट वाटतं, कारण मी स्वतः पहिल्या खेपेला अगदी हेच बोलत परत आलो होतो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा कळलं की बेटात काहीच कमी नव्हतं, आमचा क्रम चुकला होता. चुकीचा वार, चुकीचं तिकीट, पायात चुकीची चप्पल, आणि बोटीतून उतरल्या उतरल्या सगळ्यांच्या मागे चालू लागणं. या चुका मी अजूनही लोकांना करताना पाहतो, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितो आहे.

मोडक्या इमारती पाहायला जाणं हे बाग पाहायला जाण्यासारखं नसतं. इथे वरून वीट पडू शकते, पायाखालची जमीन फसवू शकते. रॉसचा फायदा एवढाच, की तिथे तिकीट काढून, रीतसर परवानगीने, आखलेल्या वाटेने फिरता येतं. तो फायदा नीट घ्या.

## टप्पा 1: आधी बेट कोणतं ते पक्कं करा

ही चूक ऐकायला बाळबोध वाटते, पण होते. अंदमानात 'रॉस' नावाची दोन ठिकाणं आहेत. एक पोर्ट ब्लेअरच्या समोर, बोटीने पंधरा-वीस मिनिटांवर. दुसरं उत्तर अंदमानात दिगलीपूरजवळ, वाळूच्या पट्टीने स्मिथ बेटाला जोडलेलं. ते 'रॉस अँड स्मिथ' म्हणून ओळखलं जातं, सुंदर किनाऱ्याचं आहे, पण तिथे जायला पोर्ट ब्लेअरहून दिवसभराचा रस्त्याचा प्रवास आहे. पडक्या इमारती पहिल्या रॉसवर आहेत.

त्यात नावं बदलली आहेत. पोर्ट ब्लेअरसमोरच्या रॉसचं अधिकृत नाव 2018 पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे आणि पोर्ट ब्लेअर 2024 पासून श्री विजयपुरम आहे. पाट्यांवर आणि तिकिटावर नवी नावं दिसतील, बोटवाला आणि रिक्षावाला 'रॉस'च म्हणेल. दोन्ही लक्षात ठेवा.

## टप्पा 2: वार आणि वेळ

बेट नौदलाच्या ताब्यात आहे आणि बुधवारी पर्यटकांसाठी बंद असतं. मंगळवारी रात्री उतरून बुधवारी रॉस, गुरुवारी हॅवलॉक (म्हणजे स्वराज द्वीप) असा बेत आखलेले लोक जेट्टीवर हात चोळत उभे असलेले मी पाहिले आहेत. शिवाय हवामान किंवा नौदलाचं काही काम यामुळे इतर दिवशीही बोटी थांबू शकतात. आदल्या दिवशी संध्याकाळी तिकीटखिडकीवर जाऊन विचारून या. हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या "हो हो, चालू असतं"वर विसंबू नका.

वेळेचं गणित इथे वेगळं आहे. घड्याळ भारताचंच, पण सूर्य मुंबईपेक्षा तासाभराहून जास्त आधी मावळतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि त्याआधीच झाडाखाली अंधारतं. आपल्या सवयीने "दुपारचं जेवण, थोडी झोप, मग चार वाजता निघू" असं केलंत तर अवशेषांच्या फक्त काळ्या आकृत्या पाहाल. सकाळची पहिली किंवा दुसरी बोट घ्या.

महिना निवडता येत असेल तर जानेवारी ते मार्च. मे अखेरपासून पावसाळा असतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही पाऊस येत राहतो. ओल्या दिवसांत समुद्रापेक्षा शेवाळ जास्त त्रास देतं.

तपासा: सलग दोन-तीन दिवस जोराचा पाऊस झाला असेल आणि आज ऊन पडलं असेल, तरी भिंतींपासून नेहमीपेक्षा लांब राहायचं. पाणी प्यायलेली भिंत पाऊस थांबल्यावरही ढासळते.

## टप्पा 3: तिकीट कोणतं काढायचं

सगळ्यात मोठी चूक इथे होते. जेट्टीवर रॉस, नॉर्थ बे आणि व्हायपर असं एकत्र फेरीचं तिकीट मिळतं. स्वस्त पडतं आणि एका दिवसात तीन ठिकाणं 'होतात', म्हणून बहुतेक सहल-कंपन्या तेच देतात. माझ्या पहिल्या सहलीत असंच होतं. रॉसवर आम्हाला सव्वा तास मिळाला, त्यातली वीस मिनिटं स्वच्छतागृहाच्या रांगेत आणि नारळपाण्यात गेली.

नकाशावर रॉस अगदी छोटं दिसतं. क्षेत्रफळ जेमतेम 0.3 चौरस किलोमीटर. त्यामुळे तासाभरात होईल असं वाटतं. पण त्यात चढ आहे, पायऱ्या आहेत, आणि दर पन्नास पावलांवर थांबावं असं काहीतरी आहे. अडीच तास हवेत, वयस्कर माणसं बरोबर असतील तर तीन.

म्हणून फक्त रॉसचं तिकीट मागा. ते मिळत नसेल आणि एकत्र फेरीच घ्यावी लागत असेल, तर पैसे देण्याआधी दोन प्रश्न विचारा: रॉसवर नेमका किती वेळ, आणि रॉस पहिलं की शेवटचं? पहिलं असलेली फेरी घ्या. नॉर्थ बेला लोक पाण्यात उतरतात, आणि मग ओल्या कपड्यांनी, दमलेल्या पायांनी, वाळू भरलेल्या चपलांनी रॉसच्या निसरड्या पायऱ्या चढतात.

संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाची बोट वेगळी असते. त्या फेरीत अवशेष हिंडून पाहता येत नाहीत. "संध्याकाळी जातोच आहोत ना" म्हणून सकाळची फेरी रद्द करू नका.

## टप्पा 4: आदल्या दिवशी सेल्युलर जेलची गच्ची

मराठी माणूस अंदमानात आला की सेल्युलर जेल बघतोच. सावरकरांची कोठडी पाहिल्याशिवाय कोणी परतत नाही. तिथे गेलात की मधल्या मनोऱ्यावर आणि गच्चीवर जा आणि समुद्राकडे बघा. समोर हिरवंगार दिसतं ते रॉस. बेटाची लांबी, मधला उंचवटा, जेट्टी कुठे आहे, हे सगळं इथून एका नजरेत कळतं. दुसऱ्या दिवशी बेटावर उतरल्यावर दिशाभूल होत नाही.

शिवाय मनाला एक संगती लागते. 1858 पासून 1941 पर्यंत या कैदी वसाहतीचा कारभार त्या समोरच्या बेटावरून चालत होता. हुकूम तिथून सुटत आणि ते भोगायला माणसं इकडे. हे आधी पाहिलेलं असलं, की रॉसवरच्या साहेबांच्या क्लबाचे आणि टेनिस कोर्टाचे अवशेष वेगळ्या नजरेने दिसतात. म्हणून आधी जेल, मग रॉस.

## टप्पा 5: पायात काय, पिशवीत काय

पायात मागून बंद असलेले, तळाला खाचा असलेले बूट. इथे तडजोड नको. माझी आई दुसऱ्या खेपेला आमच्याबरोबर होती. "बेटावर कशाला बूट" म्हणत तिने घरातल्या सपाट चपलाच घातल्या. चर्चकडून उतरताना, एका साध्या, कोरड्या दिसणाऱ्या पायरीवर ती सरकली आणि मनगटावर पडली. नंतर मी पायरीवर वाकून बघितलं. हिरवं काही दिसतच नव्हतं. काळपट, मखमलीसारखा पातळ थर होता आणि त्यावर बोट फिरवलं तर साबण लावल्यासारखं. सावलीतलं जुनं शेवाळ हिरवंच असतं असं नाही, काळंही असतं. तेव्हापासून मी काळी पायरी दिसली की कडेने, पाऊल आडवं ठेवून उतरतो.

पिशवीत: माणशी एक लिटर पाणी, ओआरएसचं एक पाकीट, टोपी, छोटा टॉर्च, डासांचं मलम, चिकटपट्टी, मूळ ओळखपत्र, थोडी रोख रक्कम. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट असला तर उत्तम. खाण्याच्या वस्तू शक्यतो नेऊच नका, कारण पुढे हरणांच्या टप्प्यात सांगतो.

ड्रोन नेऊ नका. नौदलाचं ठिकाण आहे.

## टप्पा 6: जेट्टीवर

बोटीचं नाव किंवा क्रमांक आणि परतीची वेळ यांचा मोबाइलवर फोटो काढा. ज्या बोटीने आलात त्याच बोटीने परतायचं असतं आणि सगळ्या बोटी सारख्याच दिसतात. वीस मिनिटं इकडून तिकडे पळणारी कुटुंबं दररोज दिसतात. बोटवाल्याचा मोबाइल क्रमांकही मागून घ्या, पण बेटावर रेंज मिळेलच असं धरू नका. भेटायची जागा आणि वेळ तोंडी ठरवून ठेवा.

लाइफ जॅकेट पूर्ण बांधा. पंधरा-वीस मिनिटांचंच अंतर असलं तरी.

## टप्पा 7: चालण्याचा क्रम, लांबचं आधी

बोट लागली की गर्दी जेट्टीजवळच्या जपानी बंकरपाशी थबकते, मग हरणांपाशी, मग पहिल्याच पडक्या इमारतीपाशी. एक तास तिथेच जातो. वरचं चर्च घाईत, आणि पलीकडच्या टोकाचा दीपस्तंभ राहूनच जातो.

उलटं करा. जवळचं सगळं सोडून थेट वर चढा. पाय ताजे असतात, ऊन कोवळं असतं, वर कोणी नसतं. मी हा क्रम पाळतो:

1. थेट प्रेस्बिटेरियन चर्च. बेटाच्या उंच भागावर आहे. दगडी भिंती उभ्या आहेत, छप्पर नाही. आत शिरायची गरजच नाही, बाहेरून खिडक्यांच्या रिकाम्या चौकटींतून आकाश दिसतं ते पाहण्यासारखं. आम्ही पोचलो तेव्हा दारात एक चितळ उभं होतं, कान आमच्याकडे वळवून, आणि आम्ही चौघंही न बोलता तिथेच थांबलो.
2. पलीकडचा उतार आणि दीपस्तंभ. पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी वरूनच समुद्र पाहावा. खाली उतरल्यावर लाटा कठड्यावर येत असतील तर पुढे जाऊ नका.
3. परतताना दफनभूमी. थडग्यांवर बसायचं नाही, पाय ठेवायचा नाही.
4. चीफ कमिशनरचं निवासस्थान. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.
5. शेवटी जेट्टीजवळचं: बेकरी, बंकर आणि नौदलाचं 'स्मृतिका' हे छोटं संग्रहालय. तिथले जुने फोटो अवशेष पाहण्याआधी नव्हे, पाहून झाल्यावर बघा. मग आपण कोणत्या दालनासमोर उभे होतो ते ओळखता येतं.

जेट्टीजवळचं शेवटी ठेवण्याचं कारण साधं आहे. उशीर झालाच तर जवळची एखादी गोष्ट राहते, बोट चुकत नाही.

चालवत नसेल त्यांच्यासाठी बेटावर बॅटरीवरच्या गाड्या असतात. वरपर्यंत गाडीने जाऊन उतार सावकाश पायी उतरणं, हा ज्येष्ठांसाठी चांगला मार्ग. पूर्ण फेरी गाडीतूनच केली तर मात्र इमारती फक्त मागे सरकताना दिसतात.

तपासा: निम्मा वेळ संपला की घड्याळ बघा. तोवर दीपस्तंभाकडून परत वर आलेलं असलं पाहिजे.

## टप्पा 8: पडकी भिंत वाचायची कशी

इथे थोडं थांबून लिहितो, कारण नुकसान होतं ते याच ठिकाणी, माणसाचंही आणि इमारतीचंही.

रॉसवरच्या बहुतेक इमारतींना छत उरलेलं नाही. छत गेलं की भिंतीचा माथा उघडा पडतो, पाणी वरून आत मुरतं आणि विटांमधला चुना हळूहळू निघून जातो. वर समुद्राची खारी हवा. भर म्हणजे वड-पिंपळाच्या जातीची झाडं. त्यांचं बी पक्ष्यांच्या विष्ठेतून भिंतीच्या फटीत पडतं, तिथेच रुजतं आणि मुळं खाली जमिनीपर्यंत सोडतं. कमिशनरच्या घराच्या एका भिंतीवर मी एकच मूळ नजरेने धरून खाली आलो. वर मनगटाएवढं, मधे खिडकीच्या कडेला वळसा घालून दोन फाटे झालेलं, खाली माझ्या मांडीएवढं. त्याच्या दोन्ही बाजूंच्या विटा बोटभर पुढे सरकलेल्या होत्या, पण मुळाखालच्या विटा जागच्या जागी. म्हणजे जे मूळ भिंत फोडतं आहे, तेच तिला बांधूनही ठेवतं आहे. म्हणून मुळांना लोंबकळणं, त्यावर पाय देऊन फोटोसाठी चढणं हा निव्वळ अविचार आहे. मूळ हललं की त्याने धरलेलं सगळं हलतं.

जवळ जाण्याआधी या खुणा बघा. एकही दिसली तर मागे व्हा:

- जमिनीवर ताजा लाल चुरा किंवा स्वच्छ, शेवाळ न धरलेल्या कडांची वीट. म्हणजे अलीकडेच काहीतरी पडलं आहे.
- भिंतीचं पोट सुटलेलं. बाजूने, डोळा भिंतीला समांतर ठेवून बघितलं की कळतं.
- कमानीच्या माथ्यावरची मधली वीट किंवा दगड खाली सरकलेला. अशा कमानीखालून जायचंच नाही, धावतसुद्धा नाही.
- कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत उभी भेग, ज्यात हात जाईल.
- भिंतीवर वाळलेलं, पानं गळालेलं झाड. जिवंत मूळ धरून ठेवतं, मेलेलं कुजतं आणि सोडून देतं.

अंतराचा नियम सोपा ठेवा: भिंत जेवढी उंच तेवढं तिच्यापासून लांब. आखलेली वाट जिथे भिंतीजवळून जाते तिथून न थांबता पुढे सरका.

वरही बघा. बेट नारळाच्या झाडांनी भरलेलं आहे. सावली बघून नारळाखाली टेकणारे खूप असतात. वीट क्वचित पडते, नारळ रोज पडतो.

सावधान: वाळलेल्या पानांचा सपाट थर दिसला तर त्यावर पाय टाकू नका. खाली जुनी टाकी, गटार किंवा तळघराची पायरी असू शकते. काठीने टोचून बघण्यापेक्षा वाटेवरच राहणं बरं.

## टप्पा 9: बंकर

1942 ते 1945 या काळात बेट जपान्यांकडे होतं. त्यांचे काँक्रीटचे बंकर रॉसवर आहेत, पोर्ट ब्लेअरच्या कॉर्बिन्स कोव्ह किनाऱ्याजवळही आहेत. विटांच्या भिंतींपेक्षा ते मजबूत दिसतात, आणि म्हणून मुलं धावत आत शिरतात.

बाहेरूनच टॉर्च मारा. पहिला झोत जमिनीवर, पाणी आणि काचा आहेत का ते बघायला. दुसरा कोपऱ्यांत आणि छताच्या सांध्यांत. अंदमानातली गोम आपल्याकडच्या गोमेपेक्षा बरीच मोठी असते आणि तिला ओलसर, अंधारी फट आवडते. सापही. आत हात टाकून चाचपडायचं नाही, दगडावर न बघता बसायचं नाही. काँक्रीटमधून गंजलेल्या सळया बाहेर आलेल्या असतात. खरचटलं तर साबणाने धुवा आणि शहरात परतल्यावर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा.

## टप्पा 10: फोटो

दाट झाडीखाली ऊन ठिपक्याठिपक्यांनी पडतं. अशा उजेडात मोबाइलला भिंत एकतर पांढरीफटक दिसते नाहीतर काळी. पडद्यावर भिंतीच्या उजळ भागावर बोट ठेवा, मग थोडा काळोख वाढवा. मुळांचा आकार उठून दिसायला प्रकाश बाजूने आलेला हवा, म्हणून सकाळ. माणूस भिंतीला टेकून नको, चार पावलं पुढे उभा करा. भिंतीचा आवाकाही जास्त कळतो.

नौदलाची ठाणी, जवान, मनाई असलेल्या पाट्यांकडचा भाग यांचे फोटो घेऊ नका. जवानाने अडवलं तर वाद न घालता मोबाइल खाली करा.

## टप्पा 11: हरणं, आणि हात रिकामे

चितळं माणसाळलेली आहेत, मोरही जवळ येतात. बिस्किटं, चिप्स, पोळीचा तुकडा काहीही देऊ नका. पुड्याच्या वासाने ती प्लास्टिकही खातात. पिशवीत खाणं असलं की ती पिशवीला तोंड लावतात आणि मग मुलं घाबरून पळतात, नेमकी निसरड्या पायऱ्यांवर. नराच्या शिंगांपासून लहान मुलांना लांब ठेवा.

बेटावरून काहीही उचलायचं नाही. विटेचा तुकडा, कौलाचा तुकडा, जुनी काच, प्रवाळ. मेलेलं प्रवाळसुद्धा वन्यजीव कायद्याखाली येतं आणि परतताना वीर सावरकर विमानतळावर सामान तपासताना ते पकडलं जातं. भिंतीवर नाव कोरणाऱ्यांबद्दल काय लिहू? कमिशनरच्या घराच्या भिंतीवर देवनागरीत कोरलेलं, बदामात दोन अक्षरांचं नाव पाहिलं तेव्हा मान खाली गेली. मुलं हातात खडा घेऊन भिंतीकडे वळली की तिथेच थांबवा.

## टप्पा 12: परतीच्या आधी

ठरलेल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी जेट्टीजवळ या. माणसं मोजा. बूट-मोजे झटका आणि पिंढऱ्या, कोपर तपासा, खरचटलेलं चालण्याच्या नादात कळत नाही. सकाळी काढलेल्या फोटोतला बोटीचा क्रमांक जुळवा. बोट धक्क्याला लागते तेव्हा लाटेबरोबर वर-खाली होत असते. ती वर आली की पाऊल टाकायचं, खाली जात असताना नाही. मोबाइल खिशात, दोन्ही हात मोकळे, आणि आधी ज्येष्ठांना जाऊ द्यायचं.